लिनक्सवर चालणारा प्रिंटर आणि स्कॅनर नेमका कसा निवडायचा?

पानगळ

मंडळी, घरचा संगणक आता पूर्णपणे डेबियनवर (लिनक्सची एक प्रणाली) आणलाय. ब्राउझर, लिब्रेऑफिस, मराठी टायपिंग, कशातही अडचण नाही. घोडं अडलंय ते प्रिंटर आणि स्कॅनरपाशी. जुनं मल्टिफंक्शन यंत्र होतं (कंपनीचं नाव घेत नाही). कंपनीने कधीकाळी त्याचा ३२ बिटचा ड्रायव्हर काढला आणि पुढे वाऱ्यावर सोडला. डेबियनची नवी आवृत्ती टाकली तर तो बसायलाच तयार नाही. यंत्र धडधाकट आहे, पण उपयोग शून्य.

मी मुद्रितशोधन करते. प्रुफं काळ्या-पांढऱ्यात, दोन्ही बाजूंनी, आणि पानं भरपूर. रंगीत लागत नाही. दुसरं काम म्हणजे जुने बांधीव अंक स्कॅन करून त्यांच्या शोधता येतील अशा पीडीएफ बनवायच्या. यासाठी एकच यंत्र घ्यावं की दोन? लिनक्सवर चालतं की नाही हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? नेटवरच्या याद्या पाहिल्या, पण त्यातली निम्मी मॉडेल्स आता बनतच नाहीत.

तिरकसरेघ

खोक्यावर पेंग्विनचं चित्र शोधत बसू नका, मिळणार नाही. एअरप्रिंट (ॲपलचं) किंवा मोप्रिया (अँड्रॉइड फोनांसाठीचं तसंच मानक) यांचं चिन्ह शोधा.

हे मूळचं फोनसाठी आहे. फोनवर प्रत्येक मॉडेलचा ड्रायव्हर कोण टाकत बसणार? म्हणून २०१० साली ॲपलने एअरप्रिंट आणलं तेव्हा काम उलटं फिरवलं. 'मी कोण, मला कोणते कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येतं का' हे सगळं प्रिंटरनेच सांगायचं, आणि ठरलेल्या स्वरूपातली पानं मुकाट्याने छापायची. याच्या पोटात आयपीपी हा १९९९ पासूनचा खुला प्रोटोकॉल आहे. त्यावर प्रिंटर वर्किंग ग्रुपने २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक काढलं. लिनक्सवरची छपाई व्यवस्था म्हणजे कप्स, आणि ती हीच भाषा बोलते. त्यामुळे फोनला चालणारा प्रिंटर आपल्यालाही चालतो, कंपनीला लिनक्सबद्दल आस्था असो वा नसो.

कप्स मायकल स्वीट यांनी सुरू केलं. मॅकमध्ये ते २००२ पासून आहे आणि २००७ मध्ये ॲपलने विकतच घेतलं. स्वीट ॲपलमधून बाहेर पडल्यावर आता कप्सचं काम ओपनप्रिंटिंग या मुक्त प्रकल्पाकडे चालतं. म्हणजे मॅक आणि लिनक्स छपाईच्या बाबतीत एकाच घरातले.

थोडक्यात तुमच्यासाठी: एअरप्रिंट असलेला, दोन्ही बाजूंनी छापणारा, काळा-पांढरा लेझर. शक्य असेल तर इथरनेटचं भोक असलेला.

लेझरबहाद्दर

तिरकसरेघ यांचं बरोबर आहे, पण मी एक पायरी मागे जाऊन सांगतो: पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल (पान कसं छापायचं हे प्रिंटरला सांगायच्या भाषा) समजणारा ऑफिसचा लेझर घ्या, वापरलेला मिळाला तरी घ्या. पोस्टस्क्रिप्ट १९८० च्या दशकापासून चालत आलंय आणि त्याला ड्रायव्हर म्हणावा असा ड्रायव्हर लागतच नाही. एक छोटी पीपीडी फाइल (प्रिंटरच्या सोयींचं वर्णन) दिली की संपलं. काही कंपन्या आपल्या नकलेला वेगळं नाव देतात. ब्रदरचं बीआर-स्क्रिप्ट आणि क्योसेराचं केपीडीएल ही पोस्टस्क्रिप्टचीच भावंडं.

टाळायचे ते 'होस्ट बेस्ड' किंवा 'जीडीआय' लिहिलेले. त्यांच्यात डोकं नसतं. पान कसं उमटवायचं याचा सगळा हिशेब संगणकाने करून कंपनीच्या खासगी भाषेत त्यांना भरवायचा असतो. ती भाषा कुणी उलगडली असेल तर नशीब. उदाहरणार्थ एचपी लेझरजेट १०२०. त्यात फर्मवेअर कायमचं साठवलेलंच नसतं, दर वेळी चालू केला की संगणकाने ते पाठवायचं, मग तो शुद्धीवर येतो. फू-टू-झेडजेएस या प्रकल्पामुळे तो लिनक्सवर चालला, पण ती कसरत आता नव्याने कशाला विकत घ्यायची?

खटपट्या

मॉडेलच्या नावातली शेपटी नीट वाचा, तिथेच फसगत होते. उदाहरणार्थ ब्रदरचे दोन: एचएल-एल२३००डी आणि एचएल-एल२३५०डीडब्ल्यू. दिसायला जुळे. डी म्हणजे ड्युप्लेक्स, डब्ल्यू म्हणजे वायफाय (आणि कुठे एन असेल तर इथरनेट). पहिला फक्त यूएसबीचा, होस्ट बेस्ड, त्याला एअरप्रिंट नाही. दुसऱ्याला आहे. पहिलाही चालतो हं, ब्रलेझर नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे आणि तो डेबियनच्या भांडारातच (पॅकेजांच्या अधिकृत साठ्यात) मिळतो. पण कुणीतरी आपल्या फावल्या वेळात लिहिलेल्या ड्रायव्हरवर तुमचं रोजचं काम उभं राहणार, की प्रिंटरच्या स्वतःच्या क्षमतेवर, एवढा फरक.

आणि एचपीची ई-ने संपणारी मॉडेल्स बघून घ्या. एचपी प्लस योजनेत नोंदवलेल्या यंत्राला कंपनीचं खातं, कायम इंटरनेट आणि कंपनीचीच शाई या अटी लागतात. लिनक्सशी त्याचा थेट संबंध नाही, पण मुक्त प्रणाली वापरणाऱ्याला ते रुचायचं नाही.

नेहमीचायशस्वी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोज टाका ना. ड्रायव्हरची सीडी घातली की झालं.

तिरकसरेघ

@नेहमीचायशस्वी, आले का तुम्ही! त्या सीडीचे दिवस विंडोजवरही संपत आलेत. कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार आणि आयपीपी-मोप्रियावर जाणार, असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलंय. उशिरा का होईना, तेही याच वाटेने येतायत.

पानगळ

खूप उपयुक्त. दोन शंका. वायफायचा प्रिंटर मला नकोच आहे, यूएसबीने जोडला तर हे एअरप्रिंट वगैरे चालत नाही का? आणि दुसरी, कदाचित बाळबोध: प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटणार नाहीत ना? पूर्वी एकदा छपाईत सगळ्या वेलांट्या भलतीकडे गेल्या होत्या.

खटपट्या

यूएसबीवरही चालतं. आयपीपी-यूएसबी नावाची छोटी सेवा आहे, अलेक्झांडर पेव्झनर यांनी लिहिलेली. डेबियन ११ पासून (२०२१) ती भांडारात आहे. केबलमधून येणारा प्रिंटर ती संगणकाला नेटवर्कवरचा असल्यासारखा दाखवते. प्रिंटर जोडल्यावर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढे ६०००० हा पोर्ट टाकून बघा, प्रिंटरच्या पोटातलं सेटिंगचं पान उघडतं. टोनर किती उरलाय तेही तिथेच.

पण यंत्राला तशी सोय असली पाहिजे. ओळखायची खूण पक्की आहे. प्रिंटर जोडून टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी -व्ही द्या (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाकताना रोमन लिपीत टाका). लांबलचक यादी येईल. त्यात इंटरफेस क्लास ७ शोधा. ७ म्हणजे प्रिंटर. त्याखाली सबक्लास १, आणि त्याखाली प्रोटोकॉल. तो आकडा १ किंवा २ असेल तर जुन्या पद्धतीची जोडणी. ४ असेल तर आयपीपी ओव्हर यूएसबी. एकाच यंत्रात २ आणि ४ दोन्ही दिसतात, तेव्हा चारवाली ओळ दिसेपर्यंत खाली जात राहा.

एक सावधगिरी. आयपीपी-यूएसबीने यंत्र ताब्यात घेतलं की जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर त्याच यूएसबीवरून त्याला हात लावू शकत नाहीत. एचपीचं एचपीलिप (एचपी यंत्रांच्या ड्रायव्हरचं पॅकेज) आणि हे, दोन्ही एकत्र ठेवून लोक 'कालपर्यंत चालत होतं' म्हणत डोकं धरून बसतात. कुठलं तरी एक ठेवा.

अर्धविराम

जोडाक्षरांची चिंता सोडा. लिब्रेऑफिस किंवा ब्राउझरमधून छापताना अक्षरांची जुळणी संगणकावरच होते. पुढे जाते ती पीडीएफ, फाँट आत बसवलेला, किंवा सरळ पानाचं चित्र. प्रिंटरला देवनागरी कळण्याची गरजच नाही. वेलांट्या फिरतात त्या साधी टेक्स्ट फाइल थेट एलपी कमांडला दिली तर. तिथला फिल्टर अक्षरं एकापुढे एक मांडत जातो, जुळणीच्या भानगडीत पडत नाही. आधी पीडीएफ करा, मग छापा.

दप्तरी

आता स्कॅनरबद्दल कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो. छपाईचं बरंच सुटलंय. खरी ग्यानबाची मेख स्कॅनरमध्ये आहे.

लिनक्सवर स्कॅनिंग म्हणजे सेन. १९९६ पासूनचा प्रकल्प. वेगवेगळ्या स्कॅनर घराण्यांसाठी त्यात वेगवेगळे बॅकएंड (म्हणजे स्कॅनरचे ड्रायव्हर) आहेत, आणि प्रकल्पाच्या संकेतस्थळावर यादी आहे. ती वाचताना नुसतं नाव सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका, पुढचा शेरा बघा. कम्प्लीट आणि गुड म्हणजे बिनधास्त घ्या. बेसिक म्हणजे चालेल, कुरकुरत. मिनिमल म्हणजे एखादा मोड चालला तर चालला. अनटेस्टेड म्हणजे कुणाकडे ते यंत्र नव्हतं. अनसपोर्टेड असलेलीही नावं त्याच यादीत असतात, आणि घाईघाईने शोधणारा तिथेच आपटतो.

मल्टिफंक्शन यंत्रांना मात्र यादीची गरज कमी झालीय. छपाईला जसं एअरप्रिंट, तसं स्कॅनला ईएससीएल. साधं एचटीटीपीवर चालणारं आहे, तपशील मोप्रियाच्या संकेतस्थळावर मिळतो. खोक्यावर ईएससीएल असं कुणी लिहीत नाही, पण एअरप्रिंट असलेल्या बहुतेक मल्टिफंक्शन यंत्रांत ते असतं. संगणकावर सेन-एअरस्कॅन हे पॅकेज टाकायचं, तेही पेव्झनर यांचंच. ईएससीएल आणि मायक्रोसॉफ्टकडून आलेलं डब्ल्यूएसडी, दोन्ही त्याला कळतात.

पण पानगळताई, तुमच्या बांधीव अंकांना हे पुरणार नाही असं माझं मत. ईएससीएलमधून बरेचदा जेपेग येतं, म्हणजे यंत्राने आधीच दाबलेलं चित्र. रिझोल्यूशनही यंत्र देईल तेवढीच, कुठे ३०० आणि ६०० एवढीच दोन. व्यवहारी कागदांना उत्तम. जुन्या पिवळ्या पडलेल्या पानांवरचा बारीक टाइप घ्यायचा तर वेगळा सपाट स्कॅनर बघा, ज्याला सेनमध्ये स्वतःचा बॅकएंड आहे. कॅननच्या कॅनोस्कॅन लाइड मालिकेतले लाइड ११०, १२०, २१०, २२० जेनेसिस बॅकएंडवर चालतात, लाइड ३०० आणि ४०० पिक्समा बॅकएंडवर. वीजही यूएसबीतूनच घेतात, वेगळी वायर नाही.

बांधणीकार

दप्तरींशी अर्धा सहमत. लाइड मालिका सीआयएस प्रकारची आहे. म्हणजे संवेदक काचेला अगदी चिकटून सरकतो, लेन्सचा खेळ नाही. त्यामुळे यंत्र पातळ आणि स्वस्त होतं, पण कागद काचेवरून काही मिलिमीटर उचलला गेला की अक्षर धूसर. सुट्या पानांना काहीच हरकत नाही. बांधीव अंक उपडा घातला की शिवणीकडचा भाग नेमका वर उचलला जातो आणि प्रत्येक ओळीची दोन-चार अक्षरं गिळली जातात. अंक दाबायला जावं तर कणा मोडतो. मी पुस्तकबांधणी करतो, दाबून स्कॅन केलेली पुस्तकं माझ्याकडे उपचाराला येतात!

बांधीव कामाला सीसीडी प्रकारचा घ्या. आत आरसे आणि लेन्स असते, यंत्र जाड आणि जड, पण खोलीतलं अक्षरही बऱ्यापैकी टिपतं. सेनच्या यादीत जुने सीसीडी स्कॅनर पुष्कळ आहेत आणि शेरेही चांगले आहेत, कारण लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरून त्यांचे दोष काढलेत. इथे वापरलेलं यंत्र घेणं हाच शहाणपणा.

उंटावरचा

वरून फोटो काढणारे ते दिव्यासारखे स्कॅनर कसे? पान सपाट करून देतात म्हणे.

दप्तरी

पान सपाट करतं ते यंत्र नव्हे, त्याच्यासोबतचं विंडोज-मॅकचं सॉफ्टवेअर. यंत्र यूव्हीसी (यूएसबी कॅमेऱ्यांचं सर्वसाधारण मानक) प्रकारचं असेल तर लिनक्सवर वेबकॅम म्हणून दिसेल आणि फोटो मिळेल, बस. वाकलेलं पान सरळ करायला स्कॅनटेलर ॲडव्हान्स्ड आहे. जोडपानं वेगळी करणं, कडा साफ करणं, ओळी सरळ करणं, सगळं करतं. शिकायला जरा वेळ लागतो पण शेकडो पानांचा अंक असेल तर त्याला पर्याय नाही.

फुकटफौजदार

प्रिंटरचा विषय निघालाय तर एक आठवण करून देतो. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच मुळात एका प्रिंटरमुळे पेटली! १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, कागद सारखा अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन यांना अडकल्याचा निरोप सगळ्यांना जाईल असा बदल करायचा होता, पण सोर्स कोड मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला.

लेझरबहाद्दर

ही कथा आल्याशिवाय प्रिंटरचा धागा पूर्ण होत नाही. आली, बरं झालं. गंमत म्हणजे आजही प्रिंटरच्या आतलं फर्मवेअर बंदिस्तच आहे. आपण जे मिळवलंय ते एवढंच, की त्याच्याशी बोलायची भाषा खुली झाली. आणि म्हणूनच मला ड्रायव्हरलेसचा जयजयकार थोडा खटकतो. पूर्वी पानाची जुळवाजुळव आपल्या बाजूच्या ड्रायव्हरमध्ये व्हायची, नको ते उघडून बदलता यायचं. आता प्रिंटर म्हणेल तेच खरं. त्याने 'मला हा जाड कागद चालत नाही' म्हटलं की तो पर्यायच दिसत नाही. कंपनीने फर्मवेअर बदललं की वागणं बदललं.

तिरकसरेघ

मुद्दा रास्त आहे. पण जो ड्रायव्हर उघडून बघता येत होता तो मुक्त ड्रायव्हर, कंपनीचा नव्हे. कंपनीची डेब आणि आरपीएम पॅकेजं म्हणजे झाकली मूठ. आणि तीही बहुतेक इंटेल-एएमडीसाठीच संकलित केलेली, रास्पबेरी पाय किंवा दुसऱ्या एआरएम यंत्रावर अशांचा काडीचा उपयोग नाही. पानगळ यांचं जुनं यंत्र कशाने मेलं? ३२ बिटच्या झाकल्या मुठीनेच ना? प्रिंटरच्या फर्मवेअरचं म्हणाल तर प्रिंटरला बाहेरच्या इंटरनेटला जाऊच देऊ नका. राउटरमध्ये त्याचा बाहेरचा रस्ता बंद करा. घरातल्या घरात छापायला इंटरनेट लागत नाही.

जुन्या ड्रायव्हरांचंही ओपनप्रिंटिंगवाल्यांनी बघितलंय. कप्स ३ मध्ये पीपीडी आणि जुने ड्रायव्हर जाणार आहेत. त्यांच्यासाठी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' नावाचा प्रकार केलाय: जुना ड्रायव्हर एका डब्यात बंद करायचा आणि तो डबा बाहेरून आधुनिक आयपीपी प्रिंटरसारखा वागतो. गुटेनप्रिंट, घोस्टस्क्रिप्ट, एचपीलिप, सगळ्यांचे असे डबे तयार आहेत.

बीएसडीपंथी

लिनक्सवाल्यांनो, आमचीही आठवण ठेवा. फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारखीच दुसरी मुक्त प्रणाली) कंपनीचे बायनरी ड्रायव्हर चालवण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे आम्ही आपोआप सरळमार्गी झालो: नेटवर्कवरचा आयपीपी किंवा पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर, आणि स्कॅनला सेनमधलाच ईएससीएल बॅकएंड. यूएसबी स्कॅनर असेल तर डेव्हएफएसच्या (यंत्रांच्या परवानग्या ठरवणाऱ्या) नियमांत त्या यंत्राची परवानगी आपल्या हाताने द्यावी लागते. बाकी कटकट नाही. कुठलंही यंत्र घेताना 'हे बीएसडीवर चालेल का' असं विचारा. तिथे चाललं तर लिनक्सवर चालणारच.

रातकिडा

धागा थोडा वळवतोय, माफी असावी. माझ्याकडे एअरप्रिंटवालं मल्टिफंक्शन आहे, वायफायवर. छपाई झकास. स्कॅनर मात्र दिसत नाही. आणि कधी दिसला तर एकच यंत्र तीनदा दिसतं, त्यातलं एक चालतं, दोन लटकतात. फेडोरा लिनक्स वापरतो.

खटपट्या

दोन वेगळी दुखणी आहेत. आधी टर्मिनलमध्ये स्कॅनइमेज -एल द्या (एल कॅपिटल). जे येईल ते इथे चिकटवा.

रातकिडा

फायरवॉल बंद केल्यावर हे आलं: एक ओळ एअरस्कॅनने सुरू होणारी, त्यात ई-शून्य असं काही. दुसरी ईएससीएल, पुढे एचटीटीपीएस आणि आयपी पत्ता. तिसरी एचपीएआयओ. फायरवॉल चालू केली की काहीच नाही.

खटपट्या

मग निदान झालंच. यंत्रं एकमेकांना शोधतात ती एमडीएनएसवर, यूडीपी पोर्ट ५३५३. फायरवॉलमध्ये एमडीएनएस ही सेवा खुली करा, फायरवॉल सगळीच बंद ठेवू नका. तरी दिसलं नाही तर राउटरमध्ये 'क्लायंट आयसोलेशन' चालू आहे का बघा. पाहुण्यांच्या वायफायवर ते असतंच, मग एकाच घरातली यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.

तीन ओळी म्हणजे तीन बॅकएंड एकाच स्कॅनरवर हक्क सांगतायत. ईटीसीमध्ये सेन.डी या फोल्डरात डीएलएल.कॉन्फ फाइल आहे. त्यात ईएससीएल या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. एचपीएआयओ हे एचपीलिपमधून आलंय, ते लागत नसेल तर एचपीलिपच काढा. एअरस्कॅन तेवढं राहू द्या.

सगळ्यांसाठी आणखी एक: सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) स्कॅनर दिसतो आणि साध्या वापरकर्त्याला दिसत नाही, असं झालं तर तो ड्रायव्हरचा प्रश्न नाही, परवानगीचा आहे. स्वतःला स्कॅनर किंवा एलपी या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लोक हे न बघता ड्रायव्हर शोधत फिरतात.

रातकिडा

चाललं! आता एकच ओळ दिसते. खटपट्या राव, मानलं.

चौकीदार

फायरवॉलचा विषय निघालाय म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड या सेवेत मोठी फट सापडली होती, सिमोने मार्गारितेल्ली यांनी उघड केलेली. ती सेवा यूडीपी ६३१ वर कुणाचंही ऐकून घ्यायची, आणि बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर तुमच्या यादीत घुसवू शकायचा. त्या खोट्या प्रिंटरवर काही छापलं की त्याची कमांड तुमच्या संगणकावर चालायची. दुरुस्त्या आल्यात, अद्ययावत असाल तर काळजी नाही. पण घरी एखाददुसरा प्रिंटर असेल तर कप्स-ब्राउज्डची गरजच नसते, नवं कप्स स्वतःच प्रिंटर शोधतं. मी तर बंदच ठेवतो.

पानगळ

एवढं सगळं वाचून आता चित्र स्पष्ट झालं. दोन वेगळी यंत्रं घेतेय: इथरनेट आणि एअरप्रिंट असलेला काळा-पांढरा लेझर, आणि अंकांसाठी वापरलेला सीसीडी स्कॅनर, सेनच्या यादीत 'गुड' शेरा असलेला. स्कॅनर विकणाऱ्याला म्हटलं, मी पेनड्राइव्हवर डेबियन लाइव्ह (संगणकावर न टाकता चालणारं) घेऊन येते, तुमच्याच संगणकावर जोडून बघते. तो आधी बिचकला, मग तयार झाला.

तोवर पुढचं विचारून ठेवते: मराठी ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर ओळखणं) कितपत भरवशाचं आहे?

अर्धविराम

लाइव्हवर सेन-युटिल्स आधी टाकून घ्या आणि नुसती यादी बघून परतू नका. एक पान पूर्ण ३०० डीपीआयवर स्कॅन करा. दिवा लागतो पण डोकं सरकत नाही, असे स्कॅनर विकायला असतात.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट. मूळ एचपीमध्ये बनलेलं, २००५ मध्ये मुक्त झालं. आवृत्ती ४ पासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं आणि देवनागरीचा निकाल खूप सुधारला. टेसरॅक्ट-ओसीआर-मार हे पॅकेज टाका. सगळ्या पीडीएफवर एकदम काम करायचं तर ओसीआरमायपीडीएफ, भाषा एमएआर द्यायची आणि डेस्क्यू हा पर्याय लावायचा, तिरकी पानं सरळ होतात. मजकुरात अधूनमधून रोमन असेल तर एमएआर अधिक ईएनजी.

स्कॅन करड्या रंगात, ३०० डीपीआयला. एफोर पान त्या हिशेबाने २४८० बाय ३५०८ ठिपके, म्हणजे न दाबता साधारण ८.७ एमबी. टाइप फार बारीक असेल तर ४००. थेट काळं-पांढरं स्कॅन करू नका. फिकट अनुस्वार आणि रफार त्यातच उडतात आणि एकदा उडाले की कुठलंही ओसीआर ते परत आणू शकत नाही.

भरवशाचं म्हणाल तर स्वच्छ छपाई असेल तर शोधण्यापुरतं छान. जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांची गल्लत होते, तुटलेल्या खिळ्याने तर विचारू नका. तुम्ही मुद्रितशोधक आहात, तुम्हाला काम कमी पडणार नाही.

हळदीकुंकूनको

मीही रांगेत. माझा प्रिंटर यूएसबीचा, खोक्यावर एअरप्रिंट नाही, मोप्रियाही नाही. वरची युक्ती केली. क्लास ७, सबक्लास १, प्रोटोकॉल २. बाकी क्लास ७ ची ओळ नाही. सेवेचं पॅकेज टाकलंय तरी ६०००० वर काही उघडत नाही. म्हणजे टाकून द्यायचा?

खटपट्या

टाकू नका. नुसता २ म्हणजे आयपीपी-यूएसबी त्याला लागू नाही, एवढंच कळलं. आता तो कोणती भाषा बोलतो ते बघा. एलपीइन्फो -व्ही दिलं की यूएसबीने सुरू होणारा पत्ता येईल. मग एलपीइन्फो -एम देऊन त्या यादीत तुमचं मॉडेल शोधा. नावापुढे ब्रलेझर, गुटेनप्रिंट, स्प्लिक्स यातलं काही दिसलं तर मुक्त ड्रायव्हर आहे, लोकलहोस्ट ६३१ वर जाऊन प्रिंटर जोडा. मॉडेल नसलं पण माहितीपत्रकात पीसीएल लिहिलेलं असेल तर जेनेरिक पीसीएल लावून एक पान छापून बघा. यातलं काहीच नसेल तर मॉडेलचं पूर्ण नाव इथे लिहा, शेपटीसकट.